तीनाने भागण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक माजी संशोधक’ यांस,

नमस्कार. जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेवर मी लेख लिहिला होता. तिथे एकाच त्वरकाचा बीम, म्हणजे आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) झोत, तुटक-तुटक पल्समध्ये येतो आणि त्या पल्स तीन प्रयोगांत वाटल्या तरी कुणाचं फारसं बिघडत नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: ‘तिघांत वाटलेला बीम म्हणजे प्रत्येकाला तिसरा हिस्सा, एवढंही लेखकाला कळू नये?’ शिवाय लेख माहितीपत्रकासारखा वाटतो, आणि पल्सच्या बीमने टार्गेट (ज्यावर बीम आदळतो तो पदार्थ) तापतं, असंही तुमचं म्हणणं.

शंका काढायला माझी कधीच ना नव्हती. पण ते ‘एवढंही’ कशाला? टोपणनाव घेतलं की माणसाची जीभ जरा सैल सुटते, हा माझा जुना अनुभव. असो. लेखात आकृती हवी होती, हे मान्य.

आता तुमचा तिसरा हिस्सा. युनिलॅक हा रेषीय त्वरक सेकंदाला ५० पल्स देऊ शकतो, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक. त्याच्या पुढे एसआयएस-१८, २१६ मीटर परिघाचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे आयनांना गोल फिरवत वेग देणारा त्वरक. ते भरायला एका पल्समधले शे-दोनशे मायक्रोसेकंद पुरतात. मग ते दार लावून घेतं, आयनांची ऊर्जा वाढवतं, त्यांना बाहेर सोडतं आणि चुंबक पुन्हा खाली आणतं. यात एखाद-दोन सेकंद सहज जातात. तेवढ्या वेळात युनिलॅकने काय हात बांधून बसायचं? सिंक्रोट्रॉनला घेताच न येणाऱ्या पल्स दुसऱ्याला दिल्या, तर त्याच्या ताटातलं नेमकं काय कमी झालं? तीनाने भागण्याआधी काय भागतोय ते तरी बघायचं होतं, साहेब.

बरं, एका पल्सला एक आयन आणि पुढच्या पल्सला दुसरा, ही अदलाबदल सोपी आहे असंही मी कुठे म्हटलेलं नाही. युनिलॅकमधल्या ड्रिफ्ट ट्यूबची (आयन ज्यांतून जातात त्या धातूच्या नळ्यांची) अंतरं कायमची ठरलेली, त्यामुळे युरेनियम असो की कार्बन, वेग सगळ्यांना तोच पाळावा लागतो. वस्तुमान आणि विद्युतभार यांचं गुणोत्तर जितकं मोठं, तितका आरएफ (रेडिओ वारंवारतेचा) व्होल्टेज जास्त लागतो. तो व्होल्टेज आणि बीम एकवटून धरणाऱ्या क्वाड्रुपोल चुंबकांचं क्षेत्र पल्सगणिक बदलायचं, आणि तेही पुढच्या २० मिलिसेकंदांच्या आत.

आणि हे मला कुणी शिकवू नये, कारण मी मुंबईत कुलाब्याच्या पेलेट्रॉन या आयन-त्वरकावर रात्रपाळ्या काढल्या आहेत. तिथे स्विचिंग मॅग्नेट बीम एका वेळी एकाच लाइनकडे वळवतो. आयन बदलायचा म्हटलं की सोर्सपासून पुन्हा ट्यूनिंग, आणि बाकीचे चहा पीत बसलेले. स्वतःच्या बीमटाइमची वाट पाहत ज्याने पहाट केलीय, त्याला वाटणीची किंमत तुमच्याइतकी तरी कळते.

टार्गेटचं म्हणाल, तर जीएसआयच्या ‘शिप’ या नवी मूलद्रव्यं शोधणाऱ्या उपकरणावर टार्गेटचं चाकच पल्सच्या तालावर फिरवत, म्हणजे मारा एकाच जागी बसत नसे. १०७ ते ११२ क्रमांकांची मूलद्रव्यं १९८१ ते १९९६ या काळात त्याच पल्सच्या बीमवर सापडली. त्यावर आणखी बोलायची गरज मला दिसत नाही.

‘माहितीपत्रक’ या शेऱ्याला मी उत्तर देणार नाही. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने पाठवलीत तर सविस्तर बोलू. टोपणनावाने पाठवलीत तरी छापीन. उत्तर मात्र मिळेलच असं नाही.