काल बी तं हेच पट्टी होती

नागपुरात आमच्या त्रिमूर्ती नगरच्या गल्लीत आठ दिवसांपासून पाईपलाईनसाठी खोदून ठेवलंय, आत माणूस उभा राहिला तर रस्त्यावरून त्याचं डोकंही दिसणार नाही एवढं खोल, आणि भोवती काय तर दोन बांबू आणि एका विजेच्या खांबाला गुंडाळलेली पिवळी-काळी पट्टी. काल संध्याकाळी ट्यूशनला जाणारी तीन पोट्टी माझ्यासमोर ती पट्टी उचलून, वाकून, खड्ड्याच्या काठाकाठाने निघून गेली. मी ओरडलो तर एक जण म्हणे, काका, आम्ही रोजच जातो ना इथून. पोटात गोळा आला माझ्या. का आला ते सांगतो, पोस्ट लांब होईल पण वाचा.

मी अकरा वर्षं हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत सेफ्टीचं काम केलं. त्या पट्टीला साईटवर कोणी कॉशन टेप म्हणतं, कोणी बॅरिकेडिंग टेप, आणि जो रोल स्टोअरमधून भेटला तो बांधून मोकळे होतात. पण बाप्पा, त्या रंगांना अर्थ आहे. पिवळी-काळी म्हणजे बघून जा, इथे डोकं आपटू शकते, पाय घसरू शकतो, फोर्कलिफ्ट येते, लक्ष ठेव. लाल-पांढरी म्हणजे जाऊच नको, ज्याने बांधली तो सोडत नाही तोवर आत पाय नाही, मग तू हेल्पर असो की जीएम. हिरवी-पांढरी सुरक्षित जागेची, बाहेर पडायच्या वाटेची, फर्स्ट एडची. निळी-पांढरी म्हणजे सांगितलंय ते करूनच आत ये, हेल्मेट घाल, गॉगल लाव. हे काही माझ्या मनातलं नाही, आयएसओ ३८६४ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, आपल्या बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, आयएस ९४५७ मध्येही लाल, पिवळा, निळा, हिरवा हेच चार सेफ्टीचे रंग आहेत. लालसोबत पांढरा आणि पिवळ्यासोबत काळा घेतात तेही उगाच नाही, ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यालाही निदान गडद-फिक्या पट्ट्या तरी दिसतात.

आता घोळ कुठे होतो, तर अमेरिकेतल्या चार्टमध्ये लाल-पांढरे पट्टे बऱ्याचदा फायर एक्स्टिंग्विशर किंवा हायड्रंटसमोरची जागा मोकळी ठेवायला दाखवतात, आणि बॅरिकेडिंगला तिकडे पिवळ्यावर कॉशन आणि लालवर डेंजर असं लिहिलेली टेप चालते. आपल्याकडे एकाच प्लांटमध्ये एका भिंतीवर इंटरनेटवरून काढलेलं तिकडचं पोस्टर आणि दुसऱ्या भिंतीवर आयएसओचं, दोन्ही लॅमिनेट करून लावलेले मी स्वतः पाहिलेत. मग हेल्परने कोणतं खरं मानायचं? माझं म्हणणं सरळ आहे, एका साईटवर एकच अर्थ ठरवा, गेटवर चित्रासकट मराठी-हिंदीत लावा आणि रोज सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू करायच्या आधी सेफ्टीचं सांगतात तेव्हा, रोल हातात धरून दाखवा. टेपवर इंग्रजीत डेंजर छापलेलं असते, आणि काम करणारा माणूस बालाघाटचा, छत्तीसगडचा, नाहीतर आपल्या भिवापूर-उमरेडचा, त्याला ते वाचताच येत नसेल तर त्याच्या हाती राहिला फक्त रंग.

आता ती गोष्ट सांगतो जी मला आजही झोपू देत नाही. एका प्लांटमध्ये शटडाऊन चालू होता, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवला होता. पहिल्या मजल्यावर पंपाजवळ पाणी सांडलं म्हणून पिवळी-काळी बांधली होती, दिवसभर लोक ती उचलून खालून ये-जा करत राहिले आणि कोणालाच काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिथूनच पंधरा पावलांवर फ्लोअरचं ग्रेटिंग, म्हणजे पाय ठेवायची लोखंडी जाळी, काढलं, उघड्या भागावर एक प्लायवुड नुसतं ठेवलं, ना खिळा ना क्लॅम्प, आणि भोवती तीच पिवळी-काळी. भिवापूरकडचा एक हेल्पर, बावीसेक वर्षांचा, खांद्यावर होज पाईप घेऊन आला, दोन बोटांनी पट्टी वर केली, मान वाकवली, आत गेला. मी समोरच्या जिन्यावर होतो. अरे म्हणेपर्यंत प्लाय एका बाजूने उचललं गेलं आणि तो खाली. वाचला, पण मनगट आणि कंबरेचं हाड दोन्ही मोडलं. मेडिकल हॉस्पिटलला त्याच्या खाटेजवळ उभा होतो तेव्हा तो मला म्हणे, "काल बी तं हेच पट्टी होती ना साहेब, अन् काल तं फक्त पानी सांडलं होतं."

काय उत्तर देणार होतो मी? तो बरोबर बोलत होता. आम्हीच त्याला आदल्या दिवशी शिकवलं होतं की ही पट्टी उचलून गेलं तरी चालते. इन्क्वायरीच्या रिपोर्टमध्ये मात्र कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं, मी सही करायला नकार दिला, आणि पुढे मी ती जागा सोडली.

आणि उघड्या खड्ड्याला तर लाल-पांढरीही पुरत नाही हो. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, माणूस तिच्यावर रेलला की तुटते. उंचीवरून पडायचा धोका असला की पाईप-क्लिप लावून कठडाच पाहिजे, ज्याला साईटवर हार्ड बॅरिकेडिंग म्हणतात, टेप फक्त लांबून दिसायला. त्यात आपलं नागपूर, मे महिन्यात ४५ डिग्रीच्या उन्हात ती पट्टी थोड्याच दिवसांत पांढुरकी पडते आणि कडक होऊन तुटते. पावसात खड्डा पाण्याने भरला की रस्ता कुठे संपला तेच दिसत नाही, २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराची सकाळ ज्यांनी अंबाझरी लेआऊटकडे पाहिली त्यांना हे सांगायची गरज नाही. रात्री तर अजून वाईट, कारण अंधारात आपल्या डोळ्याला लाल रंग जवळपास काळा दिसतो, साध्या टेपला रिफ्लेक्टर नसते, तिथे लुकलुकणारे ब्लिंकर आणि रिफ्लेक्टिव्ह बोर्डच लागतात.

याउलट एक जागा सांगतो जिथे पट्टीचा मान राखला जातो. रात्री वेल्डिंगच्या जॉइंटची रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रेसारखी तपासणी करतात, त्यात किरणं सोडणारा इरिडियम १९२ चा सोर्स असतो, दिसत नाही, वास नाही, आवाज नाही. तिथे आधी मीटर घेऊन रेडिएशन मोजतात, दोरी-पट्टी लावतात, तीन पात्यांचं पिवळं-काळं चिन्ह अडकवतात, लाल लाईट लावतात आणि माणूस उभा करतात, आणि काम झालं की लगेच सगळं काढून नेतात. हे काढून नेणं सगळ्यात महत्त्वाचं. काम संपून महिना झाला तरी लटकणारी पट्टी पुढच्या दहा पट्ट्यांची किंमत घालवते. आणि पट्टीला एक टॅग बांधा ना, आत काय धोका आहे, कोणी बांधली, कधी बांधली, फोन नंबर. चार ओळींचं काम आहे.

काल मुकादमाशी बोललो. भला माणूस आहे, म्हणे, दादा, स्टोअरमध्ये हाच रोल होता, लाल मागवतो, पत्रे येतील दोन दिवसांत. ठीक आहे, पण दोन रात्री आहेत मध्ये. रात्री साडेनऊला मी परत जाऊन पाहिलं, खड्डा उघडाच आहे आणि खांबावरचा लाईटही बंद आहे. शेजारच्या वहिनींनी दोन जुने ड्रम दिले, ते आणि आमच्या छतावरचा एक लांब बांबू मिळून ट्यूशनच्या बाजूने आडवं लावलंय. गल्लीतल्या सगळ्यांनी पोरांना आज मंदिराच्या बाजूने पाठवा, आणि ती पट्टी कोणी उचलताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा.