ट्रेव्हीवरचा तो देव नेपच्यून नव्हे

रोमच्या ट्रेव्ही कारंज्याच्या फोटोखाली ‘बर्निनीने घडवलेला समुद्रदेव नेपच्यून’ अशी ओळ सर्रास फिरते. तिच्यात दोन चुका आहेत.

मधल्या कमानीत उभा आहे तो ओशनस. फोटो मोठा करून पाहा: नेपच्यूनची खूण असलेला त्रिशूळ त्याच्या हातात नाही. ग्रीक कथांत ओशनस हा टायटन, झ्यूसच्या आधीच्या पिढीतला. सगळ्या पृथ्वीला वेढणारा जलप्रवाह आणि नद्यांचा बाप. इ.स.पू. 19 मध्ये रोमन सेनानी अग्रिप्पाने शहरात आणलेल्या पाण्याच्या मुखाशी समुद्राच्या राजापेक्षा पाण्याचा हा मूळपुरुषच शोभतो. त्याच्या शिंपल्याच्या रथापुढचे घोडे तर जरूर बघा. एक उधळलेला, त्याला आवरताना ट्रायटनची (अर्धा माणूस, अर्धा मासा असा समुद्रदेव) दमछाक होतेय, दुसरा शांत. खवळलेला आणि निवांत, समुद्राचे दोन्ही स्वभाव एकाच चौकटीत!

आता बर्निनी. रोमचा हा नामवंत शिल्पकार 1680 मध्येच वारला. हे काम सुरू झालं 1732 मध्ये, निकोला साल्वीच्या आराखड्यावर, आणि पुरं झालं 1762 मध्ये. ओशनसची मूर्ती पिएत्रो ब्राच्चीची. त्याचं श्रेय दुसऱ्याला जाणं मला खरंच खटकतं.

बर्निनीचा समुद्रदेव बघायचाच असेल तर जवळच बार्बेरिनी चौकात जा. चार डॉल्फिनांनी शेपट्यांवर तोललेल्या उघड्या शिंपल्यात ट्रायटन बसलाय, मान मागे टाकून शंख फुंकतोय, आणि त्या शंखातून पाणी उसळतंय.