तबला म्हणजे गोंगाट? मुळीच नाही

'ठरावीक कंपनसंख्या असते तो सूर, नसते तो गोंगाट. म्हणून सतार-बासरी हे संगीत. तबला, टाळ हा शास्त्राप्रमाणे गोंगाटच. गोंगाट म्हणजे मोठा आवाज.' हा मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. रोज तबल्यावर बसणाऱ्या माणसाला हे वाचून गप्प राहवत नाही.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढू. कागदाची सळसळ अगदी हळू असते, तरी तिला सूर नाही. शंख कानठळ्या बसवतो, पण त्याला सूर असतो.

आता तबला. गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणार असेल, तर गजरा (कातड्याच्या कडेची वेणी) आणि गट्ट्यांवर (बाजूचे लाकडी ठोकळे) हातोडी मारत आम्ही तबला काळी एकलाच लावतो. सूरच नसता तर लावला काय असता? साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, मूळ कंपनसंख्येच्या १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटींत येतात, म्हणून त्याचा सूर धड पकडता येत नाही. तबल्याच्या पुडीवरची (वरच्या कातड्यावरची) शाई, म्हणजे तो काळा गोल थर, हेच बदलते. मधोमध जाड आणि कडेकडे पातळ होत गेलेल्या त्या थरामुळे उपस्वर दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींच्या जवळ येतात, म्हणजे तारेसारखे. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात हे मांडलं आणि १९३४ मध्ये सविस्तर लिहिलं. शाई घोटणाऱ्या कारागिरांच्या कानाला ते कितीतरी आधीपासून कळलेलं होतं, हे मला फार मोठं वाटतं.

टाळाचे उपस्वर पूर्ण पटींत नसतात, हे मान्य. पण ते ठाम असतात, बराच वेळ घुमतात. त्याला गोंगाट म्हणणं चूक.

आणि 'संगीतात गोंगाट नसतो' हे गृहीतच मुळात खोटं. तबल्याचा 'तिरकिट' हा बोल वाजवताना बोटं पुडीवर दाबून राहतात, सूर उमटतच नाही. तरी असे बोल काढले तर कायदा (तबल्यावरची बांधीव रचना) उभा राहणार नाही. बासरीत फुंकेची सुसू असते, सतारीत नखीचा खट्‌कन आवाज.

गळ्यावर बोटं ठेवून सावकाश 'सा' म्हणा. 'स्स्स' चालू असताना गळा थरथरत नाही, तो निव्वळ हवेचा घर्षणाचा आवाज. 'आ' सुरू झाला की बोटांना थरथर लागते, आणि षड्ज तिथून लागतो.