मकाव, धनेश आणि चित्रकलेचा तास

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा जोरदार वाद झाला, विषय काय तर दुसरी-तिसरीच्या पोरांना चित्रकलेचा तास हवाच कशाला, त्यापेक्षा वाचन-गणित पक्कं करून घ्या ना. निमित्त माझ्या लेकीचं. आम्ही न्यू जर्सीत असतो, तिच्या वर्गाला सध्या आर्टमध्ये रेनफॉरेस्टचे पक्षी आहेत आणि तिने काढलेला लाल मकाव, म्हणजे मोठा शेपटीवाला पोपट, मी ग्रुपवर टाकला होता. काका म्हणाले, तिकडे परवडतात असले लाड, इथे कॉम्पिटिशन आहे.

मला हे अजिबात पटत नाही. कारण त्यांच्या टीचरने आधी रंग दिलेच नाहीत, फोटो दिले आणि विचारत बसली की पंखावरचा पिवळा कुठे संपतो, वरची चोच मोठी की खालची, पायाची बोटं पुढे किती मागे किती. (पोपटाची दोन पुढे, दोन मागे. लेक जेवताना ताटावर स्वतःची बोटं तशी धरून दाखवत होती!) मग कुठे ऑइल पेस्टल हातात आले. लाल आणि पिवळा हे पिसातले खरे रंग, पण निळा रंगद्रव्याचा नसतोच, पिसाच्या बारीक रचनेमुळे प्रकाश तसा परततो, हे पण त्याच तासाला कळलं. आता हे सायन्स नाही तर काय आहे?

इथे सगळं छान आहे असं मात्र नाही. शाळेचा बराचसा पैसा गावच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, त्यामुळे घरं स्वस्त असलेल्या गावात कात्री लागली की पहिली आर्ट-म्युझिकलाच लागते. आणि इथे हडसन नदीकाठी एजवॉटर गावात मूळचे दक्षिण अमेरिकेतले हिरवे पोपट विजेच्या खांबांवर काटक्यांची भलीमोठी घरटी करून थंडीतही राहतात, ते बघायला या पोरांना कोणी नेलं नाही.

आपल्याकडे उलटं आहे, पक्षी दारात आणि शिक्षक नाही. २००९ च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अर्धवेळ निदेशक (शिकवणारा) आहे तो सहावी ते आठवीला, तोही शंभरावर पट असेल तरच, पहिली ते पाचवीसाठी काहीच नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा मला फार चांगल्या वाटतात, वस्तुचित्र, स्मरणचित्र म्हणजे नीट बघायलाच शिकवतात की, पण मुलं तिथवर पोचतात हायस्कूलात आणि तेव्हा सगळं लक्ष दहावीच्या जादा मार्कांवर.

माझी मावसबहीण सिंधुदुर्गात झेडपीच्या शाळेवर आहे. पावसाच्या तोंडावर तिकडे नवरंग पक्षी शीळ घालत येतो, वडाला फळं धरली की मोठ्या चोचीचे धनेश उतरतात आणि ही बाई ऑनलाइन माहिती भरून वेळ उरला तर पोरांना व्हरांड्यात खडूने तेच काढायला लावते. तिचं म्हणणं साधं आहे आणि मला शंभर टक्के मान्य आहे, प्रत्येक शाळेला नको, पण प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक फिरता कलाशिक्षक द्या, पंधरवड्यातून एकदा आला तरी चालेल.