कमाल आहे!

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. चार तिकिटं, दोन पॉपकॉर्न आणि पार्किंग एवढ्याचा भुर्दंड त्यांना माझ्यामुळे पडला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना कुठेही जा म्हणून सांगितलं नव्हतं. मी फक्त बायकोची वाट बघत उभा होतो.

घोडबंदर रोडच्या बाजूचा मॉल, मराठी रोमँटिक कॉमेडी. नाव सांगत नाही, माझ्या हातून तिची जाहिरात झाली तेवढी पुरे. शो दुपारी १२.०५ चा. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमा प्राइम टाइममध्ये लावायला सांगितलं, तेव्हा बरीच ओढाताण होऊन प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. म्हणजे आम्ही प्राइम टाइममध्येच होतो, पाच मिनिटं आत. त्यासाठी कासारवडवलीहून पावणेअकराला निघालो, मेट्रोचे खांब मोजत. दारात बायकोच्या पर्समधली चकली जप्त झाली. याबद्दल तक्रारीला जागा नाही, बाहेरचं खाणं आत आणू न देण्याचा अधिकार थिएटरवाल्यांना आहे, असं जानेवारी २०२३ मध्ये खुद्द सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय. पाणी मात्र फुकट मिळतं. चकलीशिवाय पाणी पिऊन काय करायचं, ते कोर्टाने सांगितलेलं नाही.

सिनेमा सुटला. बायको लेडीज टॉयलेटच्या रांगेत गेली (मध्यंतरात ती रांग इतकी होती की ती परत आलेली), आणि मी एका कुंडीपाशी उभा राहिलो. शेजारी एक काका. पासष्ट-सत्तरचे, हाफ शर्ट, पायात सँडल, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून दुधीचं डोकं वर आलेलं.

"सुटला का पिक्चर?" काका.

"सुटला."

"मराठी होता?"

"हो. तुम्ही नव्हतात आत?"

"छे हो. मी एसीत बसायला येतो. खाली बाकं काढून टाकली मेल्यांनी, म्हणून वर यावं लागतं."

एवढ्यात तो मुलगा आला. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात केसाळ माइक. "काका, पब्लिक रिव्ह्यू! पिक्चर कसा वाटला?"

पहिली गोष्ट, मी बावन्न वर्षांचा आहे आणि केस स्वतःचे आहेत, फक्त रंग विकतचा. पण 'काका' गिळलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी सिनेमाबद्दल विचारत होतं. घरी मत द्यायला गेलो की बायको टीव्हीचा आवाज वाढवते. मी घसा खाकरला आणि चांगली सहा-सात मिनिटं बोललो. म्हटलं, बाबा रे, रोमँटिक कॉमेडीला लंडन लागत नाही. २०१० साली 'मुंबई-पुणे-मुंबई' आला, त्यात दोन माणसं, एक दिवस आणि पुणं. त्यांची नावंसुद्धा आपल्याला कळत नाहीत, तरी दोन तास हलावंसं वाटत नाही. इथे हिरोचं नाव, गाव, पॅकेज सगळं कळतं, फक्त तिने त्याच्यात काय पाहिलं ते कळत नाही. मग म्हटलं, कमाल आहे! विमानतळावर धावत जाऊन मुलीला थांबवायचं अजून चालू आहे? सिक्युरिटी चेक काय फक्त आम्हाला आणि आमच्या चकलीला? शेवटी तर मी म्हणालो, याला पैसे वसूल म्हणणारा माणूस मला दाखवाच एकदा.

हे वाक्य लक्षात ठेवा.

मुलगा जांभई दाबत होता. "एका शब्दात सांगा ना काका."

मी शब्द शोधत होतो तोवर काका पिशवी सावरत पुढे सरकले. "मी सांगतो."

"तुम्ही पाहिलाय, आजोबा?"

"आजोबा तुझ्या घरी. धर माइक."

आणि या माणसाने, देवाशपथ, डोळ्यात डोळे घालून कॅमेऱ्याला सांगितलं, "अप्रतिम! हल्लीच्या पिक्चरमध्ये आईवडिलांना किंमत नसते, यात आहे. फॅमिलीने बघावा. आणि शेवट! शेवटी डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

आता, सिनेमात हिरोचे वडील भिंतीवर होते, हार घालून. आई व्हिडिओ कॉलवर. मी काकांच्या कानाशी गेलो. "अहो, कोणता शेवट? तुम्ही बाकावर होतात ना?"

"लग्न झालं की नाही शेवटी?"

"झालं."

"ती परदेशी चाललेली, तो धावत गेला?"

"गेला."

"मग? चुकीचं काय सांगितलं मी?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, याचाच राग आहे. मी गाडी, पेट्रोल, अडीच तास आणि चकली घालून जे मिळवलं, ते या माणसाकडे दुधी घेता घेता होतं.

तसं पाहिलं तर बाकीच्यांचं तरी काय वेगळं? आमच्या पेपरातल्या समीक्षकाने अडीच स्टार दिले. अडीच स्टार म्हणजे जावं की जाऊ नये? तो अर्धा स्टार कुणाचा, हिरोचा की लंडनचा? माझी पुतणी इंग्रजी सिनेमे 'रॉटन टोमॅटोज' नावाच्या वेबसाइटवरचा टोमॅटो बघून ठरवते. अमेरिकेत म्हणे शंभरातल्या साठ समीक्षकांना सिनेमा बरा वाटला की टोमॅटो ताजा, नाहीतर सडका. किती आवडला ते कोणी विचारत नाही, नापसंत नाही ना, एवढंच. हे तर आमच्याकडे स्थळ बघायला आल्यावर विचारतात तसं झालं. तिकडे लोकांची मतंही थिएटरच्या दारात कार्डावर घेतात, १९७९ पासून. कार्डावर निदान तुम्ही लिहिलेलंच राहतं.

कारण माझं राहिलं नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर रील आली. सात मिनिटांतले माझे चार सेकंद. मी डोळे मोठे करून म्हणतोय, "कमाल आहे!" मग टुणकन उडी मारून, "पैसे वसूल!" वर दोन हृदयं आणि मागे सनई. लगेच काका, पूर्ण बावीस सेकंद, दुधीसकट. त्यांचा एक शब्दही कापलेला नव्हता.

"अरे, हा तर आपला बी विंगवाला!" सेक्रेटरींनी लिहिलं आणि तिथल्या तिथे सोमवारची तिकिटं काढली. डोंबिवलीचे मेहुणे गेले. ऑफिसातली एक मुलगी होणाऱ्या नवऱ्याला घेऊन गेली, आता जेवायला माझ्याबरोबर बसत नाही. मी ग्रुपवर तीन परिच्छेदांचा खुलासा टाकला. त्याखाली एकाने अंगठा दाखवला आणि पाण्याचा टँकर कधी येणार ते विचारलं. बायकोला म्हटलं, तू तरी सांग लोकांना. ती म्हणाली, "मला आवडला. मी रडले." लेडीजच्या रांगेतून आल्यावर डोळे लाल होते खरे, मला वाटलं रांगेमुळे.

त्या मुलाला मी मेसेज केला, की बाबा, काढून टाक. त्याने उत्तर दिलं, "थँक्यू काका, पार्ट टू करूया का?"

काल राम मारुती रोडवर वडापावच्या गाडीपाशी कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. कापडी पिशवी. आज शेवग्याच्या शेंगा.

"तुम्हीच ना ते, कमाल आहे?" काका म्हणाले. आवाज गंभीर. "अहो, काय हे. आपण नव्हता पाहिला बुवा, पण म्हटलं हा माणूस आत बसून आलाय, पैसे वसूल म्हणतोय, खोटं कशाला बोलेल. घेऊन गेलो हिला. मध्यंतरातच उठली. ज्येष्ठ नागरिक सवलतही नाही तिथे."

"काका, तुम्हीच तर अप्रतिम म्हणालात!"

"मी न बघता म्हणालो," काका म्हणाले. "तुम्ही बघून म्हणालात."

वडापाव खाऊन त्यांनी हात पुसले, आणि पैसे द्यायच्या वेळेला शांतपणे माझ्याकडे बघत उभे राहिले. मी दिले. गाडीवाल्याला ते म्हणाले, "हिच्यासाठी एक पार्सल. चटणी वेगळी."