‘आपल्या उन्हाला जाड ऑइलच हवं’: एका फॉरवर्डला उत्तर

उन्हाळा लागला की कारवाल्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच: ०डब्ल्यू-२० हे पाण्यासारखं पातळ इंजिन ऑइल थंड देशांसाठी बनवलंय. आपल्याकडे पारा ४५ वर जातो, तिथे ते आणखी पातळ होतं आणि इंजिन घासतं. कंपन्या ते फक्त मायलेजचा आकडा फुगवायला देतात. वॉरंटी संपली की सरळ जाड २०डब्ल्यू-५० टाका आणि आवाजातला फरक स्वतःच्या कानांनी ऐका. डिझेल असेल तर ट्रकचं १५डब्ल्यू-४० बिनधास्त चालतं. हल्ली खाली पुरावाही जोडतात: अमेरिकेत जनरल मोटर्सनेच ०डब्ल्यू-२० सोडलं.

सगळी इमारत उन्हाच्या मुद्द्यावर उभी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ऑइलला बाहेरचा उन्हाळा फारसा कळत नाही. चालत्या इंजिनात त्याचं तापमान साधारण ९० ते ११० अंश असतं, मग गाडी जानेवारीत निफाडला असो की मे महिन्यात चंद्रपूरला. इंजिनाचं पाणी एका ठरावीक तापमानाच्या आसपास राहावं म्हणूनच तर थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा असतो. डब्यावरचा दुसरा आकडा, म्हणजे २०, ३०, ४० किंवा ५०, हा मुळातच १०० अंशांवर मोजलेल्या जाडीवरून ठरतो. त्या तापमानाला २० ग्रेडच्या ऑइलची जाडी ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (हे जाडी मोजायचं एकक) असते आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. शिवाय बेअरिंगमध्ये ऑइल प्रचंड दाबाने आणि वेगाने चिरडलं जातं. त्या अवस्थेची वेगळी चाचणी १५० अंशांवर होते आणि तिथे किमान किती जाडी टिकली पाहिजे हेही ठरलेलं आहे. चंद्रपूरचा उन्हाळा या चाचण्यांच्या जवळपासही पोचत नाही.

आता दुसरी बाजू. ४० अंश आपल्याला भाजून काढतात, पण ऑइलच्या दृष्टीने ती थंडीच. ४० अंशांवर ०डब्ल्यू-२० साधारण ४० ते ४५ सेंटिस्टोक असतं. म्हणजे इंजिनाला चालताना जेवढी जाडी लागते तिच्या पाचपट. तिथेच २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर जातं. भर उन्हात उभी केलेली गाडी सुरू करतानासुद्धा ऑइल पातळ असण्याची अडचण नसते. ते जरुरीपेक्षा जाडच असतं आणि इंजिनाच्या वरच्या भागात व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटपर्यंत, टर्बोपर्यंत पोचायला वेळ घेतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर; त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल कसं वाहतं ते सांगतो. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. ही थंडी महाराष्ट्रात पडत नाही, हे मान्य. पण निफाडला पारा पाच अंशांवर उतरतो त्या सकाळी २०डब्ल्यू-५० घातलेल्या गाडीचा स्टार्टर कसा कण्हतो, ते तिथल्या कुणालाही विचारा.

कडक उन्हात, गाडी भरलेली, एसी चालू, कसारा घाट चढताय, तर ऑइल नेहमीपेक्षा तापतं हे खरं. दहा अंशांनी तापमान वाढलं की ते साधारण सहाव्या हिश्शाने पातळ होतं. या सहाव्या हिश्शाला उतारा म्हणून फॉरवर्ड काय सुचवतो, तर जाडी दुपटीहून जास्त वाढवा!

आता आवाज. जाड ऑइल टाकल्यावर टॅपेटचा आवाज खरंच दबतो, त्यात कानांचा भ्रम नाही. पण दबलेल्या आवाजावरून झीज थांबली असं म्हणता येत नाही. ऑइल पंप एका फेरीत ठरावीक ऑइल ढकलतो. ऑइल जाड असलं की पुढे अडथळा वाढतो, दाब चढतो, मग जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल बेअरिंगपर्यंत न जाता मागेच सोडलं जातं. ऑइल प्रेशर जास्त दिसलं म्हणजे ऑइल जास्त पोचलं असं नव्हे. आणि बेअरिंगमधली उष्णता बाहेर नेतं ते वाहतं ऑइल. त्यात नव्या इंजिनात ऑइलला आणखी कामं असतात. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर हलते, बऱ्याच इंजिनांत टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही. तिथल्या बारीक वाटांमधून ऑइल किती वेळात जाणार याचा हिशेब धरून कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिलेला असतो. ऑइल उशिरा पोचलं की चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि मग सेन्सर बदलण्यात पैसे जातात.

मायलेजचा मुद्दा निम्मा खरा आहे. पातळ ऑइलने थोडं इंधन वाचतं. भारतात २०१७ पासून कंपन्यांना त्यांच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापराचे नियम लागू आहेत, २०२२ पासून ते आणखी कडक झाले, आणि ०डब्ल्यू-२० व ०डब्ल्यू-१६ कडे जाण्यात त्यांचा वाटा आहे. पण ‘म्हणून इंजिनाची काळजी घेतलीच नाही’ हा निष्कर्ष कुठून आला? पातळ ऑइलवर चालायचं असलेल्या इंजिनाची बेअरिंग, पंप, पिस्टनचे लेप त्या जाडीच्या हिशेबानेच केलेले असतात. आणि कंपन्या हे लपवतात म्हणावं, तर टोयोटाच्या अनेक मॅन्युअलमध्ये छापलेलंच असतं की सतत जास्त वेगात किंवा फार लोडवर गाडी चालत असेल तर वरच्या ग्रेडचं ऑइल अधिक योग्य ठरू शकतं. मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेल्या असतात. त्यातून हवी ती घ्या, कुणी अडवलेलं नाही. २०डब्ल्यू-५० त्या यादीत आहे का, एवढंच बघा.

जनरल मोटर्सची गोष्ट खरी आहे, पण अर्धी सांगितलेली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या, २०२१ ते २०२४ मॉडेलच्या गाड्या परत बोलावल्या. एकट्या अमेरिकेत जवळपास सहा लाख. दोष क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या उत्पादनात होता. तपासणीत नापास झालेल्यांची इंजिन दुरुस्त करायची किंवा बदलायची, पास झालेल्यांत ०डब्ल्यू-४० भरायचं, असा उपाय ठरला. भाग सदोष असू शकतात अशा इंजिनाला जास्तीचा आधार म्हणून दिलेलं ते ऑइल आहे. निरोगी माणसाने शेजाऱ्याचं प्रिस्क्रिप्शन घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नये. आणि दिलं तेही ०डब्ल्यू-४० दिलं, २०डब्ल्यू-५० नाही. म्हणजे थंड असताना लवकर वाहण्याचा गुण त्यांनी सोडला नाही.

खरं नुकसान मात्र डिझेलवाल्या ओळीत आहे, आणि तिच्याकडे फार कुणी लक्ष देत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर आला, डीपीएफ. काजळी तो अधूनमधून जाळून टाकतो. ऑइलमधल्या जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या संयुगांची राख मात्र जळत नाही, ती कायमची साचते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए (युरोपातल्या कारकंपन्यांच्या संघटनेचं मानक) सी२ किंवा सी३ लिहिलेलं असतं, राखेची कमाल मर्यादा ०.८ टक्के. ट्रकसाठी सर्रास मिळणाऱ्या सीआय-४ श्रेणीत राखेवर अशी मर्यादाच नाही. जाडी जुळली तरी हे ऑइल डीपीएफला चालत नाही, आणि फिल्टर बदलायची वेळ आली की ऑइलमध्ये वाचवलेले पैसे आठवतही नाहीत. याच गाड्या रोज चार-पाच किलोमीटरच धावत असतील तर काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहतं, त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी चक्क वाढते. ‘माझी गाडी ऑइल खातच नाही’ म्हणून खूश होण्याआधी त्या ऑइलचा वास घ्या.

पेट्रोल टर्बोवाल्यांनीही डब्यावरची श्रेणीची अक्षरं आधी बघावीत, मग जाडीचा आकडा. मे २०२० मध्ये आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी श्रेणीत दोन चाचण्या कामाच्या आहेत. एक टायमिंग चेनच्या झिजेची. दुसरी कमी वेगात जोर लावताना मिश्रण अवेळी पेट घेण्याची. यात पिस्टन फुटू शकतो आणि ऑइलमधल्या रसायनांचा त्यात हात असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या २०डब्ल्यू-५० च्या डब्यावर अनेकदा याहून जुनी श्रेणी असते.

बाकीचं झटपट. सिंथेटिकवरून मिनरलवर परत येता येत नाही, हे खोटं. एपीआयचा परवाना असलेली ऑइल एकमेकांत मिसळतील अशीच असावी लागतात. ऑइल काळं झालं म्हणजे संपलं, हेही नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, डिझेलमध्ये ते पहिल्या काही दिवसांतच काळं होतं.

जाड ऑइलचा हा हट्ट आला कुठून, ते कळतं. पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडरच्या काळात गॅरेजमध्ये २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० च असायची आणि त्या इंजिनांना ती योग्यही होती. आजही ऑइल खाणाऱ्या जुन्या गाडीत मॅन्युअलच्या यादीतली एक पायरी वर जायला हरकत नाही, ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० वगैरे. पण कार्बनने चिकटलेली पिस्टनवरची ऑइल रिंग २०डब्ल्यू-५० ने मोकळी होत नाही. धूर थोडा कमी दिसतो, खडखड दबते, इतकंच. गाडी विकायला काढणाऱ्याला तेवढं पुरतं. म्हणून सेकंडहँड गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका, मी आल्यावर गार इंजिनच सुरू करून बघणार आहे.