तंद्री लागते ती नुसत्या डोपामिनने नव्हे

‘ऑनलाइन गेममध्ये आनंद असा नसतोच. मेंदूत ड्रग्जसारखं डोपामिन उसळतं, ग्राफिक्स जितके खरे तितकी नशा जास्त, आणि तासन्‌तास खेळणारा प्रत्येक जण व्यसनी.’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय.

डोपामिन हे मेंदूतलं संदेश वाहणारं रसायन. खेळताना ते वाढतं, हे खरं. १९९८ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या प्रयोगात आठ पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळताना पेट स्कॅनमध्ये (मेंदूतल्या रसायनांच्या हालचाली टिपणारी तपासणी) तसं दिसलं. पण लेव्हल पार केली की त्यांना पैसे मिळत होते, आणि तुलना कोऱ्या पडद्याशी होती. शिवाय डोपामिन म्हणजे आनंद, हे समीकरणच चुकीचं आहे. मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नष्ट केलेले उंदीरही जिभेवर गोड पडलं की पूर्वीसारखेच चाटतात. अन्नाकडे मात्र स्वतःहून जात नाहीत. ओढ वेगळी, गोडी वेगळी.

ग्राफिक्सचं म्हणाल, तर १९८४चा टेट्रिस आठवा. नुसते पडणारे ठोकळे, तरी माणसं त्यात बुडून जायची. अशा तंद्रीच्या अटी मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७०च्या दशकातच मांडल्या: लक्ष्य स्पष्ट हवं, कृतीचा परिणाम लगेच दिसावा, आव्हान कौशल्याच्या जेमतेम पुढे असावं. म्हणूनच पिंग (आपली कृती सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) स्थिर ८० मिलिसेकंद असला तर हात जुळवून घेतात. तो ४० ते २००मध्ये उड्या मारू लागला की नेम आणि परिणाम यांचा मेळ तुटतो, मग चित्र कितीही देखणं असो. फार तगडा प्रतिस्पर्धी आला की वैताग, फार कच्चा आला की कंटाळा. ऑनलाइन खेळात यात सोबतीची भर पडते. नेमक्या क्षणी साथीदाराने वाचवलं, याचा आनंद खराच असतो.

‘प्रत्येक जण व्यसनी’ हे तर बेजबाबदार विधान आहे. जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, गेमच्या व्यसनासाठी तासांची अटच नाही. ताबा सुटणं, इतर सगळ्यापुढे गेमला प्राधान्य आणि नुकसान होऊनही चालू ठेवणं, हे तिन्ही साधारण वर्षभर दिसावं लागतं, आणि त्यातून घर, शिक्षण किंवा कामाची गंभीर हानी व्हावी लागते.

लूट बॉक्सची, म्हणजे आत काय निघेल हे उघडेपर्यंत न कळणाऱ्या गेममधल्या बक्षीस-पेट्यांची, चिंता मात्र रास्त आहे. बक्षीस कधी लागेल हे ठाऊक नसलं की ओढ वाढते, गोडी वाढेलच असं नाही. स्वतःला विचारा: लूट बॉक्स आणि रोजच्या हजेरीची बक्षिसं काढून टाकली, तरी हीच मॅच खेळाल का?

तंद्रीत वेळेचा अंदाज चुकतोच, म्हणून ‘अर्धाच तास’ हा बेत टिकत नाही. बसण्याआधी मॅचची संख्या ठरवा आणि पुढची मॅच आपोआप सुरू होणारी सेटिंग बंद ठेवा.